वेरूळची दगडी पंगत आणि कोयासानचे ताट

छत्रपती संभाजीनगरपासून सुमारे तीस किलोमीटरवर असलेल्या वेरूळला जाणारा जैन यात्रेकरू बहुधा सोळाव्या, म्हणजे कैलास लेण्यासमोर उतरतो आणि तेथून उत्तरेकडील तीस ते चौतीस क्रमांकांच्या जैन लेण्यांकडे वळतो. दक्षिण टोकाची बौद्ध लेणी पुष्कळदा वेळेअभावी राहून जातात. त्या बाजूचे पाचवे लेणे मात्र आहाराचा विचार करणाऱ्या प्रत्येकाने अवश्य पाहावे असे आहे. शंभर फुटांहून अधिक खोल गेलेले हे दालन आहे. दोन्ही बाजूंना खांबांच्या रांगा आहेत आणि मधोमध, आतल्या गाभाऱ्याच्या दिशेने, एकमेकांना समांतर असे दोन लांबच लांब बुटके दगडी ओटे कोरलेले आहेत. भिक्षूंनी ओळीने बसून पठण करावे किंवा भोजन करावे यासाठी हे ओटे असावेत, असे अभ्यासक मानतात. तेराशे-चौदाशे वर्षांपूर्वी खडकातच कोरलेली ही पंगत आहे.

हिवाळ्यात येथे जपानी यात्रेकरूंचे गट येतात. दहाव्या लेण्यातील स्तूपासमोर काही गट थांबतात, हात जोडून सूत्रपठण करतात आणि दगडी कमानींतून त्या स्वरांचा प्रतिध्वनी घुमतो. पाचव्या लेण्यातील ते ओटे या पाहुण्यांना परके वाटण्याचे कारण नाही. त्यांच्या देशातील झेन मठांत आजही भिक्षू समोरासमोर ओळीने बसून, मौन पाळून भोजन करतात. वेरूळची पंगत केव्हाच उठली. जपानमध्ये ती अद्याप बसते आहे.

आता या पाहुण्यांशी शहराचा संबंध केवळ लेण्यांपुरता राहिलेला नाही. अजिंठा आणि वेरूळ यांच्या जतनासाठी व पर्यटनविकासासाठी जपानने दिलेल्या कर्जाचा पहिला करार १९९२ मध्ये आणि दुसरा २००३ मध्ये झाला. ३१ जुलै २०२४ रोजी टोयोटा किर्लोस्कर मोटर या कंपनीने येथे मोटारींचा प्रकल्प उभारण्याबाबत महाराष्ट्र शासनाशी सामंजस्य करार केला. व्यापार वाढतो तेथे आमंत्रणे वाढतात, आणि आमंत्रण म्हटले की भोजन आलेच. येथील व्यापारी कुटुंबांतील तरुण उद्या ओसाका-टोकियोला जातील आणि तेथील माणसे येथील घरांत पाहुणी म्हणून येतील. अशा वेळी व्रत मोडू नये आणि मनही मोडू नये, हे कसे साधावे, हा प्रश्न प्रत्यक्ष उभा राहतो. त्याचे उत्तर शोधताना जपानी भोजनाचे दोन चेहरे नीट ओळखावे लागतात. एक मठातला, दुसरा बाजारातला.

अमोघवर्षाचा काळ आणि एक दूरचा पर्वत

महाराष्ट्र शासनाने २०१३ मध्ये जपानमधील वाकायामा या प्रांताशी सहकार्याचा करार केला. याच प्रांतात कोयासान हा पवित्र पर्वत आहे. तेथील विद्यापीठाच्या आवारात २०१५ मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या पुतळ्याचे अनावरण झाले. संभाजीनगरात मिलिंद महाविद्यालय उभारणाऱ्या महापुरुषाची ही दूरदेशीची खूण येथील प्रवाशाला सुखावणारी आहे.

कोयासानचा इतिहास जैन वाचकांना एका वेगळ्या कारणाने जवळचा वाटेल. आचार्य जिनसेनांना गुरुस्थानी मानणारा राष्ट्रकूट सम्राट अमोघवर्ष इ.स. ८१४ मध्ये गादीवर आला. त्यानंतर दोनच वर्षांनी, ८१६ मध्ये, कुकाई या भिक्षूला जपानच्या सम्राटाकडून कोयासान पर्वतावर साधनास्थान उभारण्याची अनुमती मिळाली. वेरूळच्या जैन लेण्यांवर छिन्नी चालू लागली त्याच शतकात त्या पर्वतावर मठ उभे राहत होते.

कुकाई ८३५ मध्ये चिरसमाधीत गेले, असे त्यांचे अनुयायी मानतात. देहावसान झाले असे म्हणत नाहीत. म्हणून आजही त्यांच्या समाधिस्थानी दिवसातून दोनदा, सकाळी सहा वाजता आणि साडेदहा वाजता, शाकाहारी भोजनाचे ताट वाहून नेले जाते. दोन्ही वेळा मध्याह्नापूर्वीच्या आहेत, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मध्याह्नानंतर भोजन न करणे हा भिक्षूंचा भारतातून गेलेला मूळ नियम होय. पुढे थंड हवेच्या प्रदेशात, दिवसभर श्रम करणाऱ्या मठवासीयांना सायंकाळी थोडे अन्न घेणे आवश्यक वाटले, तेव्हा झेन परंपरेने त्याला भोजन म्हटले नाही. त्याला ‘याकुसेकी’, म्हणजे ‘औषधी दगड’, असे नाव दिले. भूक शमवण्यासाठी भिक्षू पोटावर ऊन दगड बांधत, अशी त्यामागची आख्यायिका सांगतात. नियम शिथिल झाला, पण तो शिथिल झाल्याची जाणीव नावात जपून ठेवली गेली. रात्रिभोजनत्यागाचे महत्त्व जाणणाऱ्या समाजाला या प्रामाणिकपणाचे मोल वेगळे सांगावे लागत नाही.

शोजिन म्हणजे वीर्य

मठांतील या शाकाहारी भोजनाला ‘शोजिन ऱ्योरी’ म्हणतात. ‘ऱ्योरी’ म्हणजे पाकक्रिया. ‘शोजिन’ हा शब्द मात्र संस्कृतातील ‘वीर्य’ या शब्दाचे चिनी भाषांतर असून चीनमार्गे जपानला पोहोचला आहे. वीर्य म्हणजे साधनेतील अथक पुरुषार्थ. जैन परंपरेतील ज्ञानाचार, दर्शनाचार, चारित्राचार, तपाचार आणि वीर्याचार या पंचाचारांत जे वीर्य आहे, तोच शब्द जपानमध्ये एका ताटाचे नाव होऊन बसला. जे खाल्ल्याने साधनेला बळ मिळते ते शोजिन भोजन, हा त्याचा अर्थ.

या भोजनात मांस, मासे व अंडी नसतात. त्याशिवाय ‘गोकुन’ म्हणजे पाच उग्र वनस्पती वर्ज्य असतात. लसूण, कांदा आणि त्यांच्या जातीच्या पाती यांचा त्यांत समावेश होतो. या वनस्पती चित्त क्षुब्ध करतात, असे कारण दिले जाते. येथवर जैन स्वयंपाकघराशी नाते जुळते. यापुढे वाट वेगळी होते. शोजिन भोजनात मुळा, गाजर, कमळाचे मूळ आणि गोबो नावाचे लांब मूळ आवडीने वापरतात. अळिंबीही चालते. कोयासानची प्रसिद्ध तिळाची वडी, ‘गोमादोफु’, ही तीळ वाटून कुझु या वेलीच्या मुळांच्या पिठीत शिजवून घोटतात. म्हणजे दिसायला निर्दोष असलेल्या या वडीतही कंदमूळ आहेच. उलट ‘कोयादोफु’ हा पदार्थ सोयाबीनच्या दुधापासून केलेल्या टोफूला थंडीत गोठवून व वाळवून तयार करतात. त्यात दूध-दही मिसळत नसल्याने द्विदलाचा प्रश्न उद्भवत नाही. तो कोणत्या रसात शिजवला आहे, एवढे विचारावे लागते.

बौद्धांची अहिंसा पंचेंद्रिय प्राण्यांपाशी अधिक रेंगाळली, तर जैन विचार एकेंद्रिय जीवांपर्यंत आणि कंदातील अनंतकायापर्यंत पोहोचला. हा भेद जाणून घ्यावा, तो सौजन्याने सांगावा, पण त्यावरून समोरच्याच्या साधनेचे मोल कमी लेखू नये. जपानी यजमानालाही हा भेद पटकन कळत नाही. मासा नको हे त्याला समजते, परंतु गाजर का नको आणि दूध का चालते, हे कळत नाही. अशा वेळी ‘गोकुन’ हा शब्द कामी येतो. बौद्ध मठांत जसे कांदा-लसूण वर्ज्य, तसेच जैनांमध्ये जमिनीखाली वाढणारे सर्व वर्ज्य, असे सांगितले की वृद्ध जपानी माणसाच्या चेहऱ्यावर ओळखीचे समाधान उमटते.

वाडगा धुऊन पिण्याची रीत

झेन आचार्य दोगेन यांनी १२३७ मध्ये ‘तेन्झो क्योकुन’ हा ग्रंथ लिहिला. तेन्झो म्हणजे मठाचा मुख्य आचारी. स्वयंपाक्याच्या कर्तव्यांवर एका धर्माचार्याने स्वतंत्र ग्रंथ लिहावा, यातच त्या परंपरेची दृष्टी दिसते. त्यात त्यांनी आपल्या तरुणपणीचा एक प्रसंग नोंदवला आहे. १२२३ मध्ये ते चीनला पोहोचले तेव्हा बंदरात नांगरलेल्या जहाजावर एक वृद्ध भिक्षू आला. तो एका दूरच्या मठाचा आचारी होता आणि जपानी व्यापाऱ्यांकडून अळिंबी खरेदी करण्यासाठी कित्येक कोस चालून आला होता. दोगेन यांनी त्याला रात्री थांबण्याचा आग्रह केला. उद्याच्या भोजनाची व्यवस्था आपल्यावाचून अडेल, म्हणून तो थांबेना. या वयात ध्यान व अध्ययन सोडून स्वयंपाकाचे कष्ट कशाला, असे दोगेन यांनी विचारताच वृद्ध मोठ्याने हसला. साधना म्हणजे काय हे या तरुणाला अद्याप उमगलेले नाही, असा त्या हसण्याचा आशय होता. पुढे दोगेन यांनी तो आयुष्यभर मनात जपला.

त्याच ग्रंथात तांदूळ धुतल्यावर पाणी गाळून घेण्याची सूचना आहे. एक दाणाही वाहून जाऊ नये हा तिचा हेतू. बौद्ध भिक्षूच्या मोजक्या साहित्यात पाण्यातील सूक्ष्म जीव वाचवण्यासाठी गाळणेही असे. घरातील नळाला किंवा घागरीला गाळण्याचे फडके बांधणाऱ्या जैन गृहिणीला हे वाचताना दूर देशातील कोणी आप्त भेटल्यासारखे वाटावे.

सर्वांत विलक्षण साम्य पुढे आहे. झेन भिक्षूजवळ एकात एक बसणाऱ्या वाडग्यांचा संच असतो. त्याला ‘ओर्योकी’ म्हणतात. तो कापडात बांधलेला असतो. भोजनास बसल्यावर प्रत्येक जण ठरलेल्या क्रमाने गाठ सोडतो आणि वाडगे मांडतो. प्रारंभी पाच गोष्टींचे चिंतन होते. हे अन्न कोणाच्या श्रमातून आले, ते घेण्याची आपली पात्रता आहे काय, मनात लोभ तर नाही, हे अन्न देह टिकवण्याचे औषध आहे, आणि ते साधनेसाठी घेतले जात आहे. भोजन संपले की वाडग्यात ऊन पाणी घेतात, त्याने वाडगे एकामागून एक धुतात, आणि त्यातील पाणी पिऊन टाकतात. एकही कण वाया जात नाही. काही मठांत मुळ्याच्या लोणच्याची एक चकती शेवटपर्यंत राखून ठेवतात व तिनेच वाडगा पुसून ती खातात.

थाळी धुऊन पिण्याची रीत जैन घरांत, विशेषतः व्रतस्थ आजी-आजोबांच्या पिढीत, अगदी हीच आहे. तिची कारणमीमांसा मात्र अधिक सूक्ष्म आहे. उष्ट्या अन्नात अठ्ठेचाळीस मिनिटांच्या आत संमूर्च्छिम जीवांची उत्पत्ती होऊ लागते, म्हणून उष्टे ठेवू नये, असे शास्त्रवचन आहे. नव्या पिढीतील मुलांना पाहुण्यांसमोर थाळी धुऊन पिण्याचा संकोच वाटतो. चारचौघांत ती रीत मागासलेली दिसेल, अशी भीती वाटते. त्याच मुलांनी जाणून घ्यावे की जगातील अत्यंत शिस्तप्रिय समाजांपैकी एकाने ही रीत आपल्या मठांत आठ शतके सांभाळली आहे, आणि परदेशी अभ्यासक ती शिकण्यासाठी तेथे जाऊन राहतात.

न दिसणारा मासा

मठातून बाजारात उतरले की चित्र बदलते. जपानमध्ये इ.स. ६७५ मध्ये सम्राट तेम्मु यांनी गाय-बैल, घोडा, कुत्रा, माकड आणि कोंबडी यांचे मांस खाण्यास वर्षातील काही महिने बंदी घातली होती. चतुष्पाद प्राण्यांच्या मांसाविषयीचा संकोच त्यानंतर दीर्घकाळ टिकला. १८७२ मध्ये सम्राट मेइजी यांनी गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले आणि तो संकोच ओसरला. मासा मात्र या सर्व काळात ताटात होताच. समुद्राने वेढलेल्या देशात तो भाजीइतकाच नित्याचा मानला गेला.

जैन प्रवाशाची खरी अडचण ताटात दिसणारा मासा ही नसते. तो बाजूला सारता येतो, किंवा ते ताटच नाकारता येते. अडचण असते ती न दिसणाऱ्या माशाची. जपानी स्वयंपाकाचा पाया ‘दाशी’ नावाचा पातळ रस आहे. तो बहुधा ‘कात्सुओबुशी’, म्हणजे वाळवून-धुरावून कठीण केलेल्या माशाचे तलम काप, पाण्यात टाकून व नंतर गाळून तयार करतात. गाळल्यावर मासा उरत नाही, रस राहतो. हाच रस मिसो सूपमध्ये, उकडलेल्या पालेभाजीत, शेवयांच्या वाटीत आणि कित्येक चटण्यांत असतो. यजमानाला विचारावे, ‘यात मांस आहे काय?’ तर तो निःशंकपणे ‘नाही’ म्हणतो. तो फसवत नाही. त्याच्या भाषेतील ‘निकु’, म्हणजे मांस, या शब्दात मासा येत नाही, आणि दाशी तर त्याच्या लेखी नुसते पाणी आहे. प्रश्न चुकला की खरे उत्तरही व्रत मोडते.

याला पर्याय त्या देशाच्या परंपरेतच आहे. शोजिन भोजनातील दाशी ‘कोंबु’ या समुद्री वनस्पतीपासून किंवा वाळवलेल्या अळिंबीपासून करतात. अळिंबी ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी केवळ कोंबुची दाशी मागावी. सोबाच्या शेवया कुट्टूच्या पिठाच्या असतात, पण त्यांच्यासोबत येणारी वाटी माशाच्या रसाची असते. तळलेल्या भाज्यांच्या पिठात बहुधा अंडे असते. ‘मिरिन’ नावाचा गोडसर द्रव अनेक रश्श्यांत घालतात. तो तांदळाचे मद्य असून अस्सल मिरिनमध्ये मद्यार्काचे प्रमाण सुमारे चौदा टक्के असते. सोया सॉस व मिसो हे आंबवलेले पदार्थ आहेत. वाकायामातील युआसा हे गाव तर सोया सॉसचे जन्मस्थान मानले जाते. ज्यांच्या नियमात आंबवलेले किंवा शिळे बसत नाही, त्यांनी तेही आधी सांगावे. साधा वाफवलेला भात, मीठ, ताजी फळे, उकडलेल्या हिरव्या शेंगा आणि भोपळा, एवढ्यावर मात्र निर्धास्तपणे निर्वाह होतो. जपानीत ‘गोहान’ या एकाच शब्दाचा अर्थ भातही होतो आणि जेवणही. संस्कृतातील ‘अन्न’ या शब्दालाही शिजवलेला भात असा अर्थ आहे. भात मिळाला की तेथील दृष्टीने जेवण झाले.

आधी सांगणे हेच सौजन्य

पुष्कळ प्रवासी संकोचाने गप्प राहतात आणि ताट समोर आल्यावर नकार देतात. महाराष्ट्रात वा राजस्थानात हे खपून जाते, कारण गृहिणी आत जाऊन दहा मिनिटांत दुसरे काही करून आणते. जपानमध्ये आतिथ्याची सर्व सिद्धता पाहुणा येण्यापूर्वी पूर्ण झालेली असते. किती वाट्या, कोणत्या ऋतूचे पान कोणत्या बशीवर, हे सारे ठरलेले असते. तेथे ऐनवेळी केलेला बदल यजमानाला स्वतःची चूक वाटते आणि तो मनातून खजील होतो. आठ-दहा दिवस आधी लेखी कळवणे हे तेथे मिजासीचे नव्हे, सौजन्याचे लक्षण आहे. पत्रात काय चालत नाही याच्या यादीबरोबर काय चालते याचीही यादी द्यावी. मांस, मासे, अंडी, माशाची दाशी, मिरिन, कांदा, लसूण, अळिंबी आणि जमिनीखालील सर्व भाज्या नकोत. भात, कडधान्ये, टोफू, काकडी, भोपळा, शेंगा व फळे चालतात. एवढे जपानी भाषेत लिहून घेतलेले कार्ड खिशात असावे.

चौविहार पाळणाऱ्यांनी सूर्याचाही विचार करावा. डिसेंबरच्या प्रारंभी संभाजीनगरात सूर्यास्त पावणेसहाच्या सुमारास होतो, तर टोकियोत साडेचारच्या आसपास. कार्यालये सुटण्यापूर्वीच तेथे अंधार होतो, आणि व्यापारी मेजवान्या तर त्यानंतर सुरू होतात. कोयासानच्या मठांतील अतिथिगृहांतही हिवाळ्यात सायंभोजन सूर्यास्तानंतरच येते. म्हणून व्यावसायिक भेट दुपारच्या भोजनाची ठरवावी. सायंकाळच्या बैठकीला जाणे टळत नसेल, तर तिविहारवाल्याने ऊन पाणी घेऊन आणि चौविहारवाल्याने रिकामा पेला समोर ठेवून बसावे; कारण आधीच सांगितलेले असेल तर कोणीही आग्रह करत नाही. तेथे आपला पेला आपण भरत नाहीत, शेजाऱ्याचा भरतात. मद्य न घेणाऱ्यालाही इतरांच्या पेल्यात चहा ओतून हा स्नेहाचा उपचार पाळता येतो. उन्हाळ्यात परिस्थिती उलट असते. जूनमध्ये टोकियोत साडेचारपूर्वीच उजाडते, त्यामुळे नवकारशी पाळूनही सकाळी लवकर अल्पाहार उरकता येतो.

खाखरा आणि थेपला बरोबर नेण्याची पद्धत उत्तमच. पण उपाहारगृहात बसून स्वतःचा डबा उघडणे तेथे असभ्य मानतात, आणि रस्त्याने चालता-चालता खाणेही. तो निवासाच्या खोलीत खावा. ओसाका-कोबे भागात जाणाऱ्यांसाठी आणखी एक आधार आहे. कोबे येथे मोत्यांच्या व्यापारानिमित्त स्थायिक झालेल्या जैन कुटुंबांनी कितानो भागात १९८५ मध्ये भगवान महावीरस्वामींचे संगमरवरी मंदिर उभारले. परदेशी बाजारात पाय रोवतानाही व्रत सांभाळता येते, याची ती साक्ष आहे.

भोजनप्रसंगीचे थोडे नियम लक्षात ठेवावेत. काड्या भातात उभ्या रोवू नयेत, कारण मृताला अर्पण केलेल्या भातात त्या तशा रोवतात. एका काडीजोडीतून दुसऱ्या काडीजोडीत पदार्थ देऊ नये. दहनानंतर अस्थी उचलण्याची ती रीत आहे. भाताचा वाडगा डाव्या हातात उचलून धरावा. प्रारंभी ‘इतादाकिमासु’ म्हणावे. या शब्दाच्या मुळाशी डोक्यावर धरण्याची क्रिया आहे. मराठीत ‘शिरोधार्य’ म्हणतात तोच भाव. शेवटी ‘गोचिसोसामा’ म्हणावे. ‘चिसो’ या शब्दातील दोन्ही अक्षरांचा अर्थ धावणे असा आहे. पाहुण्यासाठी यजमानाने जी धावपळ केली, तिचे हे आभार होत.

पाहुणा दारी आल्यावर

जपानी पाहुणा येथील जैन घरात जेवायला बसतो तेव्हा दोन संस्कृतींचा एक गमतीदार पेच होतो. ताट स्वच्छ करणे हा त्याचा शिष्टाचार. रिकामे ताट भरणे हा यजमानीणबाईंचा. तो वाटी संपवतो, त्या वाढतात. तो पुन्हा निमूटपणे संपवतो, त्या समाधानाने पुन्हा वाढतात. मारवाडी घरातील मनुहार त्याला ठाऊक नसते, आणि ताटावर हात आडवा धरून ‘पुरे’ म्हणण्याची मराठी रीतही त्याला कोणी सांगितलेली नसते. जपानच्या दक्षिणेकडील ओकिनावा बेटांवर ‘हारा हाची बु’ अशी म्हण आहे. पोट दहांपैकी आठ भागच भरावे, असा तिचा अर्थ. जैन शास्त्रांनी सहा बाह्य तपांत ज्याला दुसरे स्थान दिले, ते अवमौदर्य किंवा ऊणोदरी तप याहून निराळे नाही. स्वतः ऊणोदरीचे महत्त्व जाणणाऱ्या घराने पाहुण्याला मात्र अतिभोजनाला भाग पाडावे, यात विसंगती आहे. आग्रह एकदा करावा; दुसऱ्यांदा केवळ विचारावे.

तिखटाचे प्रमाण कमी ठेवावे, तूप वेगळे द्यावे, हाताने खाण्याची सक्ती करू नये. सूर्यास्तापूर्वी भोजन का आहे, बटाटा का नाही, पाणी का गाळले आहे, हे पाहुण्याने विचारल्यास लाजू नये. त्याच्या देशातील मठांत हेच प्रश्न शतकानुशतके विचारले गेले आहेत. शक्य झाल्यास दुसऱ्या दिवशी त्याला वेरूळला न्यावे. आधी पाचव्या लेण्यातील दगडी ओटे दाखवावेत आणि मग बत्तिसाव्या लेण्यात, इंद्रसभेत, न्यावे.

इंद्रसभेच्या वरच्या मजल्यावर आम्रवृक्षाखाली सिंहावर बसलेली अंबिका यक्षी आहे. डोक्यावर आंब्यांनी लगडलेले झाड, जवळ मूल. अन्न आणि माया यांचे इतके भरलेले शिल्प क्वचितच आढळते. त्याच लेण्याच्या गाभाऱ्यात मात्र ध्यानस्थ तीर्थंकर बसले आहेत. त्यांच्या हातात काही नाही, समोर काही नाही. अंबिकेपासून तीर्थंकरापर्यंतचे अंतर चार पावलांचे आहे. ते ओलांडायला साधकाला अनेक जन्म लागतात, आणि आरंभ ताटापासून होतो. पाचव्या लेण्यातील भिक्षूंनी तो ओळीत बसून केला, झेन मठांनी वाडगा धुऊन केला, जैन श्रावकाने थाळी धुऊन केला. जपानी पाहुणा आणि जैन यजमान या लेण्यात शेजारी उभे असतील, तेव्हा दोघांच्या पदार्थांची यादी जुळणार नाही. घेतलेल्या प्रत्येक घासाचा हिशोब ठेवण्याची सवय मात्र दोघांनाही ओळखीची असेल. हिशोबाचे मोल व्यापारी घराला कोणी शिकवावे लागत नाही.